माळावरचे कुरण पुन्हा गवताचे करताना

पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडील एका गावात आमची पाच एकर माळजमीन आहे. मुरमाड, उताराची, कोठे वीतभर तर कोठे जेमतेम चार बोटे माती असलेली ही जमीन कधी नांगराखाली आली नाही, आणि आजोबांच्या काळापासून घरात तिला ‘कुरण’ एवढेच म्हणतात. मृगापासून दसऱ्यापर्यंत कुरण राखायचे, दसरा-दिवाळीच्या दरम्यान गवत कापून पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची आणि मग मागे उरलेल्या खुंटांवर जनावरे सोडायची, असा रिवाज होता. दोन खिलार बैल, एक खिलार गाय, तीन संकरित गाई आणि आठ-दहा शेळ्या यांच्या वर्षभराच्या चाऱ्याचा निम्मा भार हे कुरण उचलत असे. २०१९ च्या पावसाळ्यात ते गाजर गवताने व्यापले आणि पुन्हा गवताचे करण्यात माझी पुढची पाच वर्षे गेली. हे तण पिकातून कसे काढावे याची माहिती कोणीही देतो. परंतु चराऊ जमिनीतून ते काढताना ज्या अडचणी येतात त्या निराळ्या असतात, आणि त्यांच्याविषयी अनुभवाने सांगणारी माणसे मला फार थोडी भेटली. म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात मात्र २०१९ ची नाही, तिच्या आधीच्या वर्षाची आहे. २०१८ चा पावसाळा आमच्याकडे कोरडा गेला. ऑक्टोबरमध्ये शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत पुरंदरही होता. कडब्याचे भाव परवडेनासे झाल्यावर मी कुरणाची राखण मोडली आणि श्रावणातच जनावरे आत सोडली. पुढे उन्हाळ्यापर्यंत ती तेथेच होती. गवत पानांपर्यंत, मग बुडापर्यंत आणि शेवटी मुळापर्यंत खाल्ले गेले. खुरांनी मातीचा वरचा थर भुगा झाला आणि वैशाखात वारा सुटला की कुरणावरून धुरळा उठू लागला. जनावरे जगवायची होती, त्यामुळे त्या वेळी दुसरा मार्ग दिसत नव्हता, हे खरे आहे. पण जमीन उघडी पडली होती, हेही तितकेच खरे होते, आणि त्याची किंमत पुढच्याच पावसाळ्यात कळली.

२०१९ मध्ये पाऊस उशिरा आला, पण आला तो भरपूर. जुलैच्या मध्यावर कुरण दुरून हिरवेगार दिसू लागले तेव्हा मला समाधान वाटले होते. जवळ गेल्यावर दिसले की त्या हिरवाईत गवत जवळजवळ नव्हतेच. जमिनीला चिकटून पसरलेली, गाजराच्या पानांसारखी कातरलेली पाने सगळीकडे होती. महिनाभरात त्यांच्यातून दांडे वर आले आणि ऑगस्टमध्ये कुरणावर पांढरी बारीक फुले पसरली. आमच्याकडे याला कोणी चटकचांदणी म्हणतात, कोणी पांढरफुली, तर जुनी माणसे काँग्रेस गवत म्हणतात. मूळचे मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातले हे झाड अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आपल्याकडे पोहोचले, असे सर्वत्र सांगितले जाते. आणि मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात १९५६ साली त्याची जी नोंद प्रसिद्ध झाली, ती पुण्यात सापडलेल्या रोपांवरून झालेली होती. म्हणजे देशभर पसरलेल्या या तणाची ओळख जेथे प्रथम पटली, ते ठिकाण आमच्या माळापासून एका दिवसाच्या पायपिटीवर आहे.

जनावरे गाजर गवताला सहसा तोंड लावत नाहीत. परंतु बांधावरचा हिरवा चारा कापून आणताना त्यात ते मिसळून येते आणि कुट्टी केली की जनावराला ते वेगळे काढता येत नाही. सप्टेंबरात आमच्या घरच्या चहाला कडसर चव येऊ लागली. प्रथम भांड्यांचा, मग पाण्याचा संशय घेतला. आमच्या पशुवैद्यकांनी चाऱ्याचा भारा सोडून पाहिला आणि त्यातली रोपे बाजूला काढून दाखवली. या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते, त्याने दुधाला कडवटपणा येतो आणि चाऱ्यातले प्रमाण वाढत गेले तर जनावर आजारी पडते, प्रसंगी दगावतेही, असे त्यांनी समजावून सांगितले. कुट्टीत जाणारा चारा निवडून घ्यायला लागल्यावर चार-पाच दिवसांत दुधाची चव पूर्ववत झाली.

मग मी जी गोष्ट केली तिचा मला आजही पश्चात्ताप होतो. एका औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने मी सबंध कुरणावर ग्लायफोसेट फवारले. आठ दिवसांत झाडे पिवळी पडली, पंधरा दिवसांत तपकिरी झाली, आणि मला वाटले की प्रश्न मिटला. पण हे औषध हिरवे जे दिसेल ते मारते. त्याला गवत आणि तण असा भेद नसतो. दुष्काळातूनही मारवेल आणि पवन्या या चाऱ्याच्या गवतांचे जे थोडे ठोंब वाचले होते, ते माझ्या हाताने मेले. फुललेल्या झाडांतले बी तर आधीच गळून मातीत गेले होते. गाजर गवताचे एक जोमदार झाड १५,००० ते २५,००० बिया देते, आणि मातीत गाडले गेलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणजे मी एका पिढीची झाडे मारली, पुढच्या पिढीचे बी तसेच ठेवले आणि त्या पिढीला अडवू शकले असते ते गवत काढून टाकले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालून तो परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. तो निर्णय प्रामुख्याने माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याच्या काळजीतून झाला होता. पण कुरणाच्या दृष्टीनेही सरसकट फवारणी ही वाट चुकीची आहे, असे मी स्वतःच्या नुकसानीवरून सांगू शकतो.

रुंद पानांची तणे मारणारे आणि गवताला फारसा अपाय न करणारे टू-फोर-डी वापरावे, असे नंतर अनेकांनी सुचवले. ते मी वापरले नाही. आमच्या उताराखालीच शेजाऱ्यांचे टोमॅटोचे रान असते, आणि या औषधाचा वाऱ्यावर गेलेला अंशसुद्धा टोमॅटोची पाने आणि शेंडे वाकडे करून टाकतो. शिवाय कुरणात पुढे शेंगवर्गीय चारा लावायचा झाला तर तोही त्यातून वाचत नाही.

२०२० साली टाळेबंदीमुळे पुण्याला असलेले भावाचे कुटुंब आणि दोन चुलतभाऊ गावी आले होते. घरात इतके हात असताना तण उपटून काढावे, असे सर्वांच्या मनाने घेतले. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आम्ही रोज सकाळी तीन तास उपटत होतो. पाच एकरांपैकी साधारण तीन एकर स्वच्छ झाले आणि त्या कष्टाचा सर्वांना अभिमानही वाटला. पण झाडे तेव्हा फुलांवर होती. त्यांचे भारे आम्ही डोक्यावरून खालच्या बांधापर्यंत नेले आणि तेथे वाळत घातले. परतीच्या पावसानंतर कार्तिकात मी वर गेलो, तेव्हा ज्या वाटेने भारे नेले होते ती वाट हिरव्या पट्ट्याने आखल्यासारखी दिसत होती. प्रत्येक भाऱ्यातून बी सांडत गेले होते, आणि ते आम्हीच सांडले होते.

याहून मोठी चूक घरात घडली. आई त्या कामात पहिल्या दिवसापासून होती, उघड्या हातांनी. दहाव्या दिवशी तिच्या मनगटांवर आणि मानेवर लाल चट्टे आले, मग पापण्या सुजल्या, रात्रभर खाज थांबेना. आम्ही त्याला घामोळे समजलो. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी गाजर गवताची ॲलर्जी सांगितली. ही ॲलर्जी एकदा जडली की केवळ स्पर्शाने नव्हे, तर वाऱ्यावर उडणाऱ्या परागांनी आणि वाळक्या चुऱ्यानेही उसळते, आणि उन्हात ती वाढते. आईला दोन महिने अंगणात बसणेही कठीण झाले. तिला आम्ही आत्याकडे रत्नागिरीला पाठवले, तेथे तिला उतार पडला. आज पाच वर्षांनंतरही पावसाळ्याच्या शेवटी तिच्या पापण्या जड होतात. कोणीही, कितीही घाई असली तरी, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला कापड याशिवाय या झाडाला हात लावू नये. ज्याला एकदा चट्टे आले आहेत त्याने तर या कामात येऊच नये. बाकी सर्व बाबतींत मतभेद असू शकतात, याबाबतीत नाही.

कुरणाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली ती एका धनगर मामांमुळे. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारा तांडा, दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या शिवारातून कोकणाकडे जातो आणि वाटेत दोन रात्री आमच्या शेतात बसतो. २०२० च्या दिवाळीनंतर ते माझ्याबरोबर कुरणातून फिरले. मी त्यांना तण दाखवत होतो आणि ते मला गवत दाखवत होते. वरच्या अंगाला दगडांची जुनी ताल, म्हणजे माती अडवणारा बांध, आहे. तिच्या कपारींत, जेथे गुरांचे तोंड पोहोचत नाही आणि माझा फवाराही पोहोचला नव्हता, तेथे मारवेल होती, पवन्या होता, थोडी डोंगरी होती. तालीच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरात गाजर गवताचे एकही रोप नव्हते. मामा म्हणाले, “हे कुठं बी येत न्हाय. गवत मोडलं की मगच येतं.” मी दोन वर्षे तण कसे जाईल याचा विचार करत होतो, गवत कसे येईल याचा केला नव्हता. त्या दिवसापासून दोन्ही कामे बरोबरीने करायची असे ठरवले.

२०२१ पासून उपटणीच्या वेळा बदलल्या. आमच्याकडे मे महिन्यात एखाद-दुसरा वळीव पडतो आणि गाजर गवताचे बी तेवढ्या ओलीवरही उगवते, गवताच्या बरेच आधी. वळवानंतर बारा-पंधरा दिवसांनी, रोपे जमिनीला चिकटून पसरलेली असताना, पहिली फेरी, मृगाच्या पावसानंतर जूनच्या अखेरीस दुसरी, श्रावणात तिसरी, आणि परतीच्या पावसानंतर एक चौथी, जी बहुतेक लोक सोडून देतात आणि जिच्यामुळे सगळे श्रम वाया जातात, कारण हे झाड वर्षातून एकदाच येणारे नाही, ओल मिळेल तेव्हा ते उगवते. उपटण्याआधी जमीन ओली हवी. कोरड्या मुरमात हाताने ओढले की देठ तुटतो आणि बुडख्यातून चार नवे फुटवे येतात. तोच परिणाम विळ्याने किंवा यंत्राने कापल्यावर होतो. खुरपे तिरके घालून मूळ सैल करायचे आणि मग उपटायचे, म्हणजे शेजारचे गवताचे रोप हलत नाही. एवढी काळजी पिकाच्या खुरपणीत लागत नाही, पण कुरणात गवताचे प्रत्येक रोप मोलाचे असते.

पहिल्या दोन फेऱ्यांत आमच्या वस्तीवरच्या तीन घरांनी सावड केली. एक दिवस आमच्याकडे, एक दिवस त्यांच्या बांधांवर. फुले येण्यापूर्वी उपटलेली रोपे शेणकाल्याबरोबर खड्ड्यात घातली, त्यांचे खत चांगले झाले. जे एखादे झाड नजरेतून सुटून फुलावर आले असेल ते जागेवरच पोत्यात घालायचे आणि पोते काळ्या प्लास्टिकखाली उन्हात ठेवायचे, असा नियम केला. त्यातले काहीही उकिरड्यावर जाऊ दिले नाही. हा नियम उशिरा सुचला, कारण शेणखतातून हे बी किती फिरते ते मला ठाऊक नव्हते. कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात दाट झाडी होण्याचे कारण आमचाच उकिरडा होता.

दोन उपायांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ते जवळपास प्रत्येक जण सुचवतो. पहिला टाकळ्याचा. टाकळ्याचे, ज्याला विदर्भ-मराठवाड्यात तरोटा म्हणतात, बी हिवाळ्यात गोळा करून उन्हाळ्याच्या शेवटी विस्कटले की पावसात तो दाट उगवतो आणि गाजर गवताला दाबून टाकतो. हे खरे आहे; मी स्वतः पाहिले आहे. कोवळ्या टाकळ्याची भाजी होते, हा आणखी एक लाभ. पण मोठा झालेला टाकळा जनावरे खात नाहीत. रस्त्याकडेला, पडीक गावठाणात किंवा शाळेच्या मैदानाबाहेर तो लावणे योग्य आहे. कुरणात लावला तर एका निरुपयोगी झाडाच्या जागी दुसरे आणल्यासारखे होते. मी तो फक्त रस्त्याकडच्या बाजूला, कुंपणाबाहेर दहा-बारा फुटांच्या पट्ट्यात लावला, आणि आत आलेला प्रत्येक टाकळा उपटला. शासकीय पत्रकांत पडीक जमीन आणि चराऊ जमीन यांच्यासाठी एकच यादी दिलेली असते, ती वाचताना हा फरक आपला आपल्याला करावा लागतो.

दुसरा उपाय मेक्सिकन भुंग्याचा. फिकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेषा असलेला हा लहानसा भुंगा मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळूरला प्रथम सोडण्यात आला, आणि आता तो देशाच्या मोठ्या भागात आपोआप पसरला आहे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून तो मिळतो. पण आम्हाला तितके लांब जावे लागले नाही. सासवडच्या रस्त्याला एका ठिकाणी गाजर गवताची पाने जाळीदार झालेली दिसली, तेथे तो होता. जुलैमध्ये दोन दिवस सकाळी फिरून, झाकणाला भोके पाडलेल्या बरण्यांत आम्ही सात-आठशे भुंगे जमवले आणि कुरणाच्या वरच्या दगडाळ भागात, जेथे खुरपे चालत नाही, तेथे एकाच ठिकाणी सोडले. सगळीकडे थोडे थोडे सोडले तर ते टिकत नाहीत. त्या वर्षी फारसे काही दिसले नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मात्र त्या भागातली झाडे नुसत्या काड्या होऊन उभी होती. भुंगे आणि त्यांच्या अळ्या या दोघांनी मिळून शेंडे खाल्ले होते आणि फुले अगदी थोडी आली होती. तरी या उपायाची मर्यादा ओळखावी. भुंगा पावसाळ्यातच काम करतो, थंडी पडू लागली की मातीत जाऊन निद्रिस्त होतो, आणि परतीच्या पावसावर उगवलेल्या रोपांना तो काहीही करत नाही. तो सूर्यफुलावर जाईल अशी शंका शेजाऱ्यांनी काढली होती, आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी कर्नाटकात हीच भीती व्यक्त झाली होती. आमच्या शिवारात सूर्यफुलाचे दोन तुकडे होते, त्यांवर मला नुकसान आढळले नाही.

आता गवताविषयी. माझ्या मते सगळ्या कामाचा खरा भाग हाच आहे आणि यालाच सर्वांत कमी पैसा व सर्वांत जास्त धीर लागला. २०२१ च्या जुलैमध्ये तालीच्या कपारींतून मारवेलचे ठोंब काढले, प्रत्येकाचे तीन-चार मुळ्यांचे तुकडे केले आणि उतार आडवा धरून ओळीत लावले, दोन ओळींत दीड हात आणि दोन ठोंबांत वीतभर अंतर ठेवून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सुधारित मारवेलचेही थोडे ठोंब मिळवले. खालच्या खोल मातीत ते जोमाने वाढले. वरच्या मुरमावर मात्र आमचीच जुनी मारवेल अधिक तगली. दोन ओळींच्या मध्ये अंजन गवताचे बी आणि स्टायलोचे बी टाकले. स्टायलो हा शेंगवर्गीय चारा आहे, तो हवेतला नत्र मुळांशी साठवतो आणि जमीन झाकतो. पण त्याच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून ते गरम पाण्यात काही मिनिटे बुडवून, सावलीत सुकवून मग टाकावे लागते. पहिल्या खेपेला मी तसे केले नाही आणि बी मोठ्या प्रमाणात उगवले नाही. अंजनाचे बी हलके असल्याने वाऱ्याने उडते, त्यासाठी ते ओलसर मातीत कालवून टाकले.

उतारावरून पाणी वेगाने वाहत असेल तर लावलेले सगळे वाहून जाते. म्हणून त्याच उन्हाळ्यात आम्ही समपातळीवर सहा चर खोदले, फूटभर खोल. त्यांच्या खालच्या मातीवर पहिली मारवेल धरली आणि तेथूनच ती दोन्ही बाजूंना पसरली. २०२२ च्या श्रावणात चरांच्या कडेचे पट्टे इतके दाट झाले होते की त्यांच्यात गाजर गवताचे रोप शोधावे लागत होते, आणि जे सापडे ते काडीसारखे बारीक असे. दोन पट्ट्यांच्या मधल्या उघड्या जागेत मात्र ते पूर्वीसारखेच होते. तालीजवळ मामांनी दाखवलेली गोष्ट मला माझ्याच हाताने लावलेल्या ओळींत दिसली.

नव्या गवताला पहिले वर्षभर तोंड लावू द्यायचे नाही, हे ठरवणे सोपे होते, पाळणे अतिशय अवघड. तीन संकरित गाईंपैकी एक विकावी लागली. उसाचे वाढे आणि विकतचा कडबा यांवर एक वर्ष काढले. घरात यावरून वादही झाले आणि ते अकारण नव्हते, कारण दुधाचा पैसा हाच आमच्याकडे महिन्याचा पैसा असतो. ज्याच्याकडे कुरणाशिवाय दुसरा चारा नाही, त्याने एका वेळी सबंध कुरण बंद करू नये. एक चतुर्थांश बंद करावे, ते सुधारल्यावर पुढचे घ्यावे. मला आज पुन्हा करायचे असते तर मी तसेच केले असते.

२०२३ पासून कुरणाचे चार भाग केले आहेत. मध्ये पक्के कुंपण नाही, लाकडी खांब आणि सौर झटका यंत्राची एक तार आहे. गवत दीड वितीवर आले की जनावरे आत जातात, चार बोटे उरले की बाहेर येतात आणि त्या भागाला पावसाळ्यात निदान महिनाभर विश्रांती मिळते. दोन भाग चरायला आणि दोन भाग दिवाळीच्या कापणीला, अशी पाळी दरवर्षी बदलते. चार बोटांचा हा नियम घरातल्या लहान मुलांनाही पाठ आहे. त्याखाली गवत खाल्ले की जमिनीवर ऊन पडते, आणि ऊन पडले की खालचे बी जागे होते.

वरच्या कोपऱ्यात अर्ध्या एकरावर घाणेरी आहे. तिचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी शेवटी हाती घेतला, वास्तविक आधी घ्यायला हवा होता. २०१९ च्या उन्हाळ्यात, इतर काही खायला नसताना, आमच्या एका संकरित गाईने घाणेरीचा पाला खाल्ला होता. तिला कावीळ झाली, नाकाडावरची आणि सडांवरची उघडी कातडी उन्हाने भाजल्यासारखी सोलवटली, आणि पंधरा दिवस तिला अंधाऱ्या गोठ्यात ठेवून उपचार करावे लागले. ती वाचली, पण त्या वेतात पुन्हा दुधावर आली नाही. घाणेरी कोयत्याने तोडली तर दुप्पट फुटते, हे सर्वांना माहीत आहे. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत मला वाचायला मिळाली आणि ती उपयोगी पडली. झुडपाच्या बुडाभोवतीची माती बाजूला करून मुख्य मूळ जमिनीच्या थोडे खाली कुदळीने तोडायचे, झुडूप उचलून मुळे वर करून उलटे ठेवायचे आणि तसेच वाळू द्यायचे. फुटवा मुळाच्या वरच्या भागातून येतो, तो भागच निघून जातो. हे काम पावसाळ्यात माती मऊ असताना आणि फळे पिकण्यापूर्वी करावे, कारण फळे पक्षी खातात आणि बी दूरवर टाकतात. आमच्या बोरी-बाभळींखालीच घाणेरीची नवी रोपे सर्वांत जास्त सापडतात, त्याचे कारण बुलबुल आणि साळुंक्या तेथे बसतात हे आहे. वाळलेली झुडपे आम्ही कुंपणाच्या फटी बुजवायला वापरली.

वणव्याविषयीही सांगायला हवे. माघ-फाल्गुनात माळ पेटवला की पुढे गवत जोमाने येते, असा समज आमच्या भागात अजून आहे. पेटवलेल्या माळावर कुसळी लवकर येते, एवढेच मी पाहिले आहे. तिची कुसळे धरण्याआधी ती चांगला चारा असते, पण नंतर ती मेंढ्यांच्या लोकरीत आणि जनावरांच्या तोंडात रुततात. मारवेल-पवन्याचे ठोंब मात्र वारंवारच्या जाळाने विरळ होत जातात. दरवर्षी हिवाळ्यात आम्ही कुरणाभोवती आठ फुटांचा पट्टा खरवडून स्वच्छ ठेवतो, जेणेकरून शेजारून आलेली आग आत येऊ नये.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही अडीच एकरांवरचे गवत कापले आणि सहा वर्षांनंतर प्रथमच गंजी घराच्या वळचणीपेक्षा उंच झाली. गाजर गवत संपलेले नाही. पहिल्या फेरीला पूर्वी पाच-सहा माणसांचे चार दिवस लागत, आता दोघांची एक सकाळ पुरते, तीही मुख्यतः वरच्या कडेला. त्या कडेच्या पलीकडे गावाचे गायरान आहे आणि ते अजून पांढऱ्या फुलांनी भरते. प्रत्येक मोठ्या पावसात त्याचे पाणी आमच्या पहिल्या चरात उतरते आणि बी आणून टाकते. म्हणून दर मे महिन्यात तो चर साफ करून त्यातला गाळ वेगळा ठेवतो, त्यावर वळवात जे उगवते ते तेथेच उपटतो. गायरानासाठी ग्रामसभेत दोनदा विषय मांडला आहे. पहिल्यांदा चर्चा झाली नाही; दुसऱ्यांदा महिला बचत गटातल्या चौघींनी पुढच्या पावसाळ्यात गायरानाच्या एका एकरावर मारवेल लावून पाहण्याची तयारी दाखवली. त्यांना लागणारे ठोंब आमच्या तिसऱ्या चरावरून काढायचे ठरले आहे. तेथली मारवेल आता इतकी दाटली आहे की विरळणी केल्याने तिचे भलेच होईल.